सागरावरील वारा आणि आपला वाटा

(मंडळाच्या माण, तालुका मुळशी येथे भरलेल्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजच्या मेळाव्यात उद्योगधंद्यांविषयी काही विचार मांडावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. विषयाची निवड माझ्यावर सोपविण्यात आली, म्हणून समुद्रावरील वाऱ्यापासून वीज निर्माण करण्याचा जो नवा उद्योग जगात उभा राहिला आहे, त्याविषयी बोलण्याचे मी ठरविले. माण गाव घाटमाथ्याच्या पूर्वेस वसलेले. येथील कोणाच्या शिवाराला समुद्राची चतुःसीमा नाही. तेव्हा मुळशीकरांना सागराच्या गोष्टी सांगण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्या मनात उद्भवणे अगदी स्वाभाविक आहे. त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच तालुक्याच्या इतिहासात आहे. म्हणून आरंभ तेथूनच करतो.

वीज आणि मुळशी यांचा संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे पावसाचे पाणी अडवून ते कोकणात सोडावे आणि त्या उडीच्या जोरावर वीज निर्माण करून ती मुंबईस पुरवावी, ही टाटांची योजना. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली, भिवपुरीचे १९२२ साली आणि मुळशीच्या पाण्यावर चालणारे भिऱ्याचे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे कार्य निःसंशय थोर होते. परंतु या धरणाखाली आंबेमोहोर भाताची खाचरे, घरे आणि देवळे बुडाली. त्या अन्यायाविरुद्ध १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, आणि त्यातूनच पांडुरंग महादेव बापट हे ‘सेनापती’ झाले. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते मावळ्यांच्या खांद्यास खांदा लावून उभे राहिले. तरीही धरण झालेच.

या लढ्यातील एका गोष्टीकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. पुष्कळ जमिनी सावकारांकडे गहाण पडलेल्या किंवा त्यांच्याच नावावर गेलेल्या होत्या. भरपाईचा भाव ठरविण्याची वेळ आली, तेव्हा कागदावर ज्यांचे नाव होते त्यांच्याशी बोलणे झाले; नांगर ज्यांच्या हाती होता त्यांच्याशी नव्हे. पाणी मुळशीचे, उतार सह्याद्रीचा, वीज मुंबईची आणि भागभांडवल तिसऱ्याचेच, असा तो व्यवहार झाला. जो माणूस उद्योगाला केवळ जागा देतो, त्याचा उद्योगाशी संबंध जागा दिली त्या दिवशीच संपतो. जो हात, विद्या किंवा भांडवल देतो, त्याचा संबंध उद्योग चालेतोवर टिकतो.

याच धड्याची दुसरी आवृत्ती आपण सर्वांनी या शतकात पाहिली आहे. हिंजवडी आणि माण येथील जमिनींवर संगणक-उद्योगाची नगरी वसली. काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, रस्ते आले, माणपासून शिवाजीनगरपर्यंत मेट्रोमार्ग आखला गेला. ज्यांनी मिळालेल्या पैशातून मुलांस शिकविले, धंदा उभारला, त्यांचे सोने झाले. ज्यांचा पैसा गाड्या, लग्ने आणि बंगले यांत आटला, त्यांच्या मुलांना वडिलांच्याच जमिनीवरील इमारतीच्या फाटकापाशी पहारा करण्याची पाळी आली. यात कोणाला दूषण देण्याचा माझा हेतू नाही. परंतु वीज आणि संगणक या दोन उद्योगांनी आपल्या दारी येऊन जे शिकविले, ते तिसरा उद्योग येण्यापूर्वीच पाठ करून ठेवावे, एवढेच माझे म्हणणे आहे. तो तिसरा उद्योग समुद्रावरच्या वाऱ्याचा असू शकेल. त्याला आपली जमीन नको आहे. आणि म्हणूनच जमिनीवाचून दुसरे काय आपण देऊ शकतो, हे आपणास आधी ठरविले पाहिजे.

आता मूळ विषयाकडे वळू. वाऱ्यापासून वीज कशी होते? पवनचक्कीची पाती वाऱ्याने फिरतात, त्यांच्या आसाला जनित्र जोडलेले असते, आणि त्यातून वीज निघते. यात दोन नियम ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. पहिला असा की, वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दर सेकंदास ६ मीटर वाहणारा वारा आणि ७.५ मीटर वाहणारा वारा यांच्या वेगांत चतुर्थांशाचाच फरक. पण दुसऱ्यातील शक्ती पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट असते. दुसरा नियम असा की, पात्यांची लांबी दुप्पट केली, तर पाती ज्या वर्तुळातून फिरतात त्याचे क्षेत्र चौपट होते. मात्र वाऱ्यातील सर्वच शक्ती काढून घेता येत नाही. आल्बर्ट बेट्स या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास असे सिद्ध केले की, शंभर भागांपैकी फार तर ५९ हून किंचित अधिक भाग हाती येऊ शकतो. कारण वारा पात्यांपाशी अजिबात थांबला, तर मागून येणाऱ्या वाऱ्याला वाट उरणार नाही.

या दोन नियमांतच समुद्राकडे जाण्याचे कारण आहे. जमिनीवर टेकड्या, झाडे आणि घरे वाऱ्याला अडवितात, त्याचा वेग मोडतात. समुद्राचा पृष्ठभाग सपाट असल्याने वारा तेथे अधिक वेगाने आणि अधिक अखंडपणे वाहतो. शिवाय शंभर मीटरहून लांब पाते घाटातील वळणांवरून नेणे दुरापास्त. तेच बंदरावर घडविले, तर जहाजाने थेट जागेवर नेता येते. म्हणून समुद्रावरील चक्क्या जमिनीवरच्यांपेक्षा कितीतरी मोठ्या होऊ शकल्या.

या उद्योगाचा जन्म डेन्मार्कमध्ये झाला. १९९१ साली विन्डेबी या गावाजवळच्या उथळ समुद्रात ११ पवनचक्क्या उभारण्यात आल्या. प्रत्येकीची शक्ती ४५० किलोवॉट आणि पात्यांच्या वर्तुळाचा व्यास ३५ मीटर. म्हणजे आपल्या हिशेबाने एकेक चक्की साडेनऊ गुंठे वारा नांगरीत होती. त्या चक्क्या २०१७ साली आयुष्य संपल्याने काढून टाकण्यात आल्या. आज १५ मेगावॉटच्या चक्क्या तयार होतात. त्यांतील एका प्रकाराच्या वर्तुळाचा व्यास २३६ मीटर, म्हणजे क्षेत्र पावणेअकरा एकरांच्या आसपास आहे. अशी एकच चक्की विन्डेबीच्या साऱ्या ११ चक्क्यांच्या तिप्पट शक्तीची होय. २०२४ अखेर जगातील सागरी पवनविद्युतेची क्षमता सुमारे ८३,००० मेगावॉटवर पोहोचली, आणि तिचा निम्मा किंवा त्याहूनही अधिक भाग एकट्या चीनचा आहे. चीनने हा उद्योग युरोपकडून उचलला आणि अल्पावधीत त्यात युरोपास मागे टाकले.

परंतु माझ्या दृष्टीने चक्कीच्या आकारापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. समुद्रावर चक्की उभी राहते, परंतु उद्योग उभा राहतो तो किनाऱ्यावर. कित्येक मीटर व्यासाचा पोलादी नळकांडा समुद्राच्या तळात ठोकून पाया करावा लागतो. त्यासाठी जाड पोलादी पत्रे वाकविणारे, सांधणारे आणि सांधा तपासणारे कारागीर लागतात. त्यावर मनोरा, मनोऱ्यावर जनित्राची पेटी, मग पाती. हे सर्व उचलण्यासाठी, समुद्राच्या तळाशी पाय टेकून स्वतःस लाटांच्या वर उचलून घेणारी खास जहाजे लागतात. नंतर तळाखालून जाणारी वीजवाहिनी, रोहित्रांचे सागरी उपकेंद्र, आणि पुढे पंचवीस-तीस वर्षे देखभाल करणारी माणसे हवीत.

या कामाने उतरती कळा लागलेली बंदरे पुन्हा कशी सावरली, हे पाहण्यासारखे आहे. डेन्मार्कमधील एस्बिअर हे एकेकाळचे मासेमारीचे मोठे बंदर. मासेमारी घटली, तेव्हा त्याने समुद्रातील तेलाची कामे धरली. आणि २००२ साली त्याच्या समोरच्या समुद्रात हॉर्न्स रेव्ह येथे ८० चक्क्यांचे १६० मेगावॉटचे केंद्र उभे राहिले, तेव्हापासून ते पवनउद्योगाचे मोठे ठाणे बनले. इंग्लंडमधील हल हेही असेच मासेमारीचे जुने बंदर. तेथील एका जुन्या गोदीच्या जागेवर सीमेन्स कंपनीने २०१६ साली पात्यांचा कारखाना उघडला, आणि ७५ मीटर लांबीची पाती तेथे घडू लागली. बंदराजवळच्या लोकांस शिकवून कामावर घेता आले, म्हणून हे साधले.

आता आपल्या देशाकडे पाहू. पवनविद्युत् भारताला नवीन नाही, आणि महाराष्ट्राला तर नाहीच. १९८६ साली भारतातील पहिली पवनकेंद्रे ज्या किनारी भागांत उभारली, त्यांत गुजरातमधील ओखा आणि तामिळनाडूचा किनारा यांच्या बरोबरीने आपली रत्नागिरीही होती. तेथील चक्क्या प्रत्येकी अवघ्या ५५ किलोवॉटच्या होत्या. पुढे साताऱ्याजवळील चाळकेवाडी आणि पाटण तालुक्यातील वनकुसवडे ही पठारे, तसेच धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल येथे चक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. आज महाराष्ट्राची पवनविद्युत्-क्षमता ५,००० मेगावॉटच्या वर आहे, आणि मार्च २०२५ अखेर साऱ्या देशाची क्षमता सुमारे ५०,००० मेगावॉट झाली. परंतु ही सर्व जमिनीवरची. त्यातील पुष्कळशा चक्क्या प्राप्तिकरातील घसाऱ्याची सवलत मिळावी म्हणून दूरच्या कारखानदारांनी उभारल्या. पठारावरच्या गावकऱ्यांच्या वाट्यास जमिनीची एकदाच मिळालेली किंमत आणि काही पहारेकऱ्यांच्या नोकऱ्या, यापलीकडे फारसे काही आले नाही. मुळशीचीच कथा पठारावर पुन्हा घडली.

याच संदर्भात पुण्यातील एका कंपनीची हकिकत सांगितली पाहिजे. तुलसी तांती यांचा सुरतेस कापडाचा कारखाना होता. विजेचा खर्च परवडेना, म्हणून त्यांनी दोन पवनचक्क्या विकत घेतल्या. आणि कापडाहून वारा अधिक किफायतशीर आहे असे पाहून १९९५ साली ‘सुझलॉन’ ही कंपनी काढली. तिचे मुख्य कार्यालय पुण्यास, हडपसरला आहे. या कंपनीने २००७ साली रीपॉवर या जर्मन कंपनीत मोठा हिस्सा घेतला व पुढे ती संपूर्ण ताब्यात घेतली. रीपॉवरच्या ५ मेगावॉटच्या चक्क्या त्या काळी स्कॉटलंड, बेल्जम आणि जर्मनी यांच्या समुद्रांत उभ्या राहात होत्या. म्हणजे सागरी पवनविद्युतेची विद्या ज्या कारखान्यात घडत होती, त्याची मालकी काही वर्षे हिंजवडीपासून तासाभराच्या अंतरावर होती! पण ती खरेदी कर्जाच्या बळावर झालेली होती. मंदी आली, कर्ज डोईजड झाले, आणि २०१५ साली ती जर्मन कंपनी विकावी लागली. तांती यांचे २०२२ साली निधन झाले. सुझलॉन त्या संकटातून सावरून आजही चक्क्या बनवीत आहे. परंतु समुद्रावरील विद्या हातची गेली ती गेलीच. मालकी विकत घेता येते, पण ती पेलण्यासाठी स्वतःचे भांडवल आणि घरचे विद्यावंत लागतात, हा या हकिकतीचा इत्यर्थ होय.

भारताच्या समुद्रात काय घडले? केंद्र सरकारने २०१५ साली सागरी पवनऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, आणि चेन्नई येथील राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेकडे मोजणीचे काम सोपविले. गुजरातेत खंबातच्या आखातात, पिपावाव बंदरासमोर, २०१७ साली प्रकाशकिरणांनी वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र बसविले गेले. तेथे सुमारे शंभर मीटर उंचीवर वाऱ्याचा सरासरी वेग सेकंदास साडेसात मीटरच्या आसपास आढळला. तामिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळचा वारा याहूनही चांगला आहे. म्हणून पहिली निवड या दोन ठिकाणांची झाली. २०२३ च्या डिसेंबरात समुद्राचा तळ भाडेपट्ट्याने देण्याचे नियम आले. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने दोन्ही किनाऱ्यांवर प्रत्येकी ५०० मेगावॉटचे केंद्र उभारण्यासाठी एकूण ७,४५३ कोटी रुपयांचे साह्य मंजूर केले. त्यांतील ६०० कोटी रुपये दोन बंदरांच्या सुधारणेसाठी आहेत. कारण उघड आहे: जमिनीवरील वीज आज स्वस्त आहे, समुद्रावरची महाग; मधले अंतर कोणीतरी भरून काढल्याविना पहिली चक्की उभी राहणार नाही. निविदाही निघाल्या, परंतु व्यापारी तत्त्वावर वीज देणारी एकही चक्की अद्यापि भारताच्या समुद्रात उभी नाही.

तेव्हा हा विषय कालचा नसून उद्याचा आहे. आणि उद्याच्या विषयात फसवणूकही असते, हे मी लपवून ठेवू इच्छीत नाही. व्याजाचे दर आणि पोलादाची किंमत वाढताच २०२३ साली अमेरिकेतील न्यू जर्सीच्या समुद्रातील दोन मोठी केंद्रे उभारण्याचा बेत ऑर्स्टेड या डॅनिश कंपनीने सोडून दिला. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने समुद्रावर बांधकाम करणे कठीण. शिवाय चक्रीवादळे आहेतच. मे २०२१ मधील तौक्ते वादळात मुंबईच्या समुद्रातील तेलक्षेत्राजवळ कामगारांची निवासनौका बुडाली आणि सत्तरच्या आसपास माणसे प्राणास मुकली. तेच वादळ पुढे गुजरातच्या किनाऱ्यावर, ज्या भागात चक्क्या योजिल्या आहेत त्याच बाजूस धडकले. समुद्रावरील नोकरीचा पगार चांगला असतो, परंतु ती नोकरी देणाऱ्याने कामगाराच्या जिवाची काय तजवीज केली आहे, हे विचारल्यावाचून कोणत्याही आईने मुलास तेथे पाठवू नये.

तथापि महाराष्ट्रास समुद्रातील पोलादी कामाचा अनुभव नाही, असे कोणी म्हणू नये. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईच्या समुद्रात तेल शोधले आणि १९७६ साली तेथे उत्पादन सुरू झाले. त्या क्षेत्रासाठी लागणारे पोलादी फलाट माझगाव गोदीतही बांधले गेले. किनाऱ्यापासून दीडशेहून अधिक किलोमीटर अंतरावर लोखंडी पायांवर मजले उभे करून तेथे माणसे राबविणे, ही विद्या मराठी कामगारांनी जवळून पाहिलेली आहे. नॉर्वेच्या तेलकंपनीने हीच विद्या वापरून २०१७ साली स्कॉटलंडच्या समुद्रात हायविंड हे पाच तरंगत्या चक्क्यांचे, ३० मेगावॉटचे केंद्र उभारले. मग तेलाच्या समुद्रात शिकलेला मराठी सांधारी वाऱ्याच्या समुद्रात का उतरू नये?

मुळशीच्या दुःखातून जे शिकले, त्यांनी आणखी एका समाजाचे स्मरण ठेवावे, तो म्हणजे कोळी बांधवांचा. समुद्र रिकामा दिसतो, पण तो रिकामा नसतो. कोणत्या महिन्यात कोणत्या पाण्यात जाळे टाकावे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. ज्या दिवशी, म्हणजे १९ जून २०२४ रोजी, सागरी पवनविद्युतेस साह्य मंजूर झाले, त्याच दिवशी पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदरासही मंजुरी मिळाली, आणि त्या बंदरास तेथील मच्छीमारांनी दीर्घकाळ विरोध केलेला आहे. शेताला सातबारा तरी असतो. जाळे टाकण्याच्या जागेचा सातबारा कोठे मिळणार? डेन्मार्कमध्ये सागरी चक्क्यांच्या बांधकामाने मासेमारीचे नुकसान झाल्यास भरपाई देण्याची कायदेशीर वाट आहे. आपल्याकडेही तशी तरतूद पहिली चक्की उभी राहण्यापूर्वी झाली पाहिजे, आणि ती मागणी करताना मुळशीचा आवाज कोळीवाड्याच्या आवाजात मिसळला पाहिजे.

आता मुख्य प्रश्न मालकीचा. वारा कोणाचा नाही. परंतु वाऱ्यापासून होणाऱ्या धंद्याला धनी असतो. तो धनी सामान्य माणूस होऊ शकतो काय? कोपनहेगन शहराच्या बंदरासमोर २००० साली मिडेलग्रुंडेन हे २० चक्क्यांचे, ४० मेगावॉटचे केंद्र उभे राहिले. त्यांतील निम्म्या चक्क्या वीजकंपनीच्या, आणि निम्म्या एका सहकारी संस्थेच्या. त्या संस्थेचे भाग आठ हजारांहून अधिक सामान्य नागरिकांनी घेतले. शिक्षक, कारकून, दुकानदार यांनी आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या चक्कीचा एक तुकडा स्वतःचा म्हणून विकत घेतला. पुढे २००९ साली अमलात आलेल्या डॅनिश कायद्याने काही प्रकारच्या नव्या प्रकल्पांतील किमान २० टक्के हिस्सा आसपासच्या रहिवाशांना देऊ करणे बंधनकारक केले. नंतर त्या तरतुदी बदलल्या. पण हिस्सा मागणे म्हणजे अडवणूक नव्हे, हे तत्त्व तेथे रुजले.

आपणास हे तत्त्व परके वाटण्याचे कारण नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणी येथे शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि १९५० च्या सुमारास त्याची चिमणी पेटली. ऊस पिकविणाराच कारखान्याचा भागीदार, ही कल्पना त्या काळी पुष्कळांस अव्यवहार्य वाटली होती. पुढे सहकारात दोष शिरले, हे मान्य. पण दोष शिरले म्हणून शेतकऱ्याने पुन्हा निव्वळ ऊस विकणारा व्हावे, असे कोणी म्हणत नाही. उसाची जी गोष्ट, तीच वाऱ्याची.

येथे मुळशीसंबंधी आणखी एक मुद्दा आहे. वाऱ्याची वीज वाऱ्याच्या लहरीप्रमाणे येते. रात्री मागणी नसतानाही येते. ती साठविण्याचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे नको असलेल्या विजेने खालचे पाणी वर चढविणे आणि हवे तेव्हा ते पुन्हा सोडणे. भिऱ्याच्या वीजगृहात गेल्या शतकाच्या अखेरीपासून अशा रीतीने पाणी उलटे चढविणारा १५० मेगावॉटचा संच आहे. २०२३ साली टाटा कंपनीने शिरवटा आणि भिवपुरी येथे मिळून २,८०० मेगावॉटच्या अशाच योजनांसाठी राज्य सरकारशी करार केला. म्हणजे समुद्रावरचा वारा उद्या भरभरून वाहू लागला, तर तो साठविण्याची कोठारे सह्याद्रीच्या माथ्यावरच असतील. शंभर वर्षांपूर्वी ज्या पाण्याने आपली खाचरे बुडविली, त्याच जातीच्या जलाशयांना नवे मोल येणार आहे. त्या वेळी मुळशी-मावळच्या माणसाने पुन्हा ‘प्रकल्पग्रस्त’ एवढ्याच नावाने ओळखले जावे काय? की त्या योजनांत अभियंता, तंत्रज्ञ आणि भागधारक म्हणूनही त्याचे नाव असावे?

यासाठी आपल्या मंडळाने काय करावे, याविषयी माझ्या तीन सूचना आहेत. पहिली शिक्षणाची. आपली शिष्यवृत्ती बहुधा पदवीच्या विद्यार्थ्यांस मिळते आणि त्यांतील बहुतेकांचे डोळे शेजारच्या संगणक-कंपन्यांकडे लागलेले असतात. शिष्यवृत्तीचा काही भाग औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सांधकाम, वीजकाम व यंत्रदुरुस्ती शिकणाऱ्या मुलामुलींसाठी, तसेच विद्युत् आणि यंत्र-अभियांत्रिकीच्या पदविकेसाठी राखून ठेवावा. संगणक शिकलेल्यांनीही निराश होऊ नये. वाऱ्याचे भाकीत करणे, शेकडो चक्क्यांची प्रकृती दुरून तपासणे, ही कामे संगणकाचीच आहेत, आणि ती माणमध्ये बसूनही करता येतील. या सूचनेत मुलींचा उल्लेख मी मुद्दाम केला आहे. जनित्राला चालविणाऱ्याची जात कळत नाही, तशी स्त्री-पुरुषही कळत नाही.

दुसरी सूचना भांडवलाची. ज्या कुटुंबांस जमिनीचा पैसा मिळाला आहे अथवा मिळणार आहे, त्यांनी त्याचा ठरावीक हिस्सा उत्पादक कामी गुंतवावा. मंडळाने वर्षातून दोनदा जाणकारांकडून या विषयाची माहिती देणारी सभा भरवावी. मात्र कोणी पवनउद्योगाच्या नावाने दामदुप्पट मागू लागला, तर त्यास दारातूनच परत पाठवावे. हा उद्योग पंचवीस वर्षांच्या हिशेबाने फळतो, वर्षा-दीड वर्षाच्या नव्हे. आरंभ लहान व जवळच्या गोष्टीने करावा. मंडळाच्या इमारतीच्या छपरावर सहकारी तत्त्वावर सौरविजेचे पत्रे बसविले, हिशेब चोख ठेवला आणि सभासदांस वर्षाअखेर वाटा मिळाला, तर मोठ्या कामासाठी लागणारा विश्वास तेथेच तयार होईल.

तिसरी सूचना नागरिकत्वाची. असा उद्योग आपल्या राज्याच्या किनाऱ्यावर आला, तर स्थानिकांना हिस्सा, मच्छीमारांना भरपाई आणि कामगारांना सुरक्षितता, या तीन अटी करारात लिहिल्या जाव्यात, यासाठी आपल्या लोकप्रतिनिधींकडे आताच आग्रह धरावा. करार झाल्यावर केलेला आग्रह कसा वाया जातो, हे मुळशीइतके दुसऱ्या कोणास ठाऊक आहे?

बंधुभगिनींनो, सत्याग्रहाच्या वेळी आपल्या पूर्वजांनी बांधाच्या खडकावर बसून उद्योगास ‘थांब’ म्हटले. त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता, आणि त्यांचे धैर्य आपणास सदैव वंदनीय राहील. आपल्यापुढे मार्ग आहे. आपण उद्योगास थांब म्हणण्याऐवजी ‘आम्हांस बरोबर घे’ असे म्हणू शकतो. परंतु तसे म्हणण्याचा अधिकार शिकलेल्या हातांना आणि राखलेल्या गाठीला असतो. वारा सुटल्यावर शीड शिवायला बसणाऱ्याची नौका किनाऱ्यावरच राहते. भारताच्या समुद्रात पहिली चक्की अद्याप उभी राहिलेली नाही, हे आपले भाग्यच समजले पाहिजे. शीड शिवण्यास अजून अवकाश आहे.